दुकानात गुण्यागोविंदानं, घरी भाऊबंदकी

“ताई, सगळे एकत्र चालतात. इथं राहतायत की नाही?”

दुकानदाराच्या या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. समोरच्या टाकीत खरोखरच गोकुळ नांदत होतं. रुपयाच्या नाण्याएवढे पन्नासेक एंजल, त्यांच्यामधून सुळकन जाणारे टायगर बार्ब, काचेला तोंड चिकटवून बसलेले सकर. कुणी कुणाच्या वाटेला जात नव्हतं. मुलीच्या वाढदिवसाला घेतलेली दोन फुटी टाकी घरी पाणी भरून तयार होती. चार एंजल, दहा निऑन टेट्रा, तीन टायगर बार्ब, एक निळा फायटर, ‘शेवाळ खायला’ एक सकर आणि पोरीच्या हट्टाखातर दोन गोल्डफिश असा सगळा गोतावळा पिशव्यांमध्ये भरून आम्ही घरी आणला.

तीन आठवड्यांत दोन्ही गोल्डफिश गेले. फायटरच्या झुपकेदार शेपटीच्या चिंध्या झाल्या. पुढच्या काही महिन्यांत निऑन दहाचे आठ, आठाचे पाच होत गेले आणि मेलेला निऑन मात्र एकदाही सापडला नाही. दिवाळीच्या सुमारास दोन एंजलनी फिल्टरच्या नळीवर हक्क सांगितला आणि उरलेल्या दोघांना वरच्या कोपऱ्यात असं डांबलं, की खाणं टाकलं तरी ते खाली उतरेनात.

मासे तेच, जाती त्याच. मग दुकानातला एकोपा आमच्या घरी आल्यावर गेला कुठे?

दुकान म्हणजे एसटी स्टँड

दुकानातली टाकी हे कुणाचंच घर नसतं. तो एसटी स्टँड असतो. तिथं गर्दी असते, धक्काबुक्की असते, पण तीन नंबरचा फलाट माझ्या बापाचा असं कुणी म्हणत नाही. प्रत्येकाला तासा-दोन तासांत निघायचं असतं. आपण निघणार आहोत हे माशांना अर्थातच ठाऊक नसतं, पण रोज जाळं पडतं, दहा जातात, वीस नवे येतात. कालचा शेजारी आज नसतो. अशा ठिकाणी वरचढ कोण नि दुबळा कोण ही उतरंड ठरायलाच वेळ मिळत नाही.

त्यात दुकानात विकायला असतात ती पोरं. एंजल वयात यायला सहा महिने ते वर्ष लागतं आणि त्यांची खरी भांडणं त्यानंतरची. शिवाय जागेची राखण करायला ताकद लागते. एक-दोघे घुसले तर हाकलता येतात. पन्नास जण सतत जात-येत असतील तर कुणाकुणाच्या मागे धावणार? थोड्याच वेळात मासा तो नाद सोडून देतो. आणि राखायचं तरी काय? दुकानाची टाकी उघडीबोडकी असते. ना दगड, ना लाकूड, ना झाड.

आमच्या घरी मात्र चारच एंजल होते, हौसेनं मांडलेले दगड होते, झाडं होती आणि एक उभी नळी होती. सातबारावर नाव चढवण्याजोगी इस्टेट त्यांना पहिल्यांदाच मिळाली.

नदीत, तळ्यात मासे भांडत नाहीत असं अजिबात नाही. थायलंडच्या भातखाचरांत नि पाणथळींत राहणारे फायटरचे रानटी भाईबंद समोरासमोर आले की कल्ल्यांवरची झाकणं फुगवतात, पर, म्हणजे माशाचे पंख, ताठ पसरतात, अंगावर जातात. बहुतेक वेळा त्यातला एक अंग चोरून गवतात निघून जातो आणि प्रकरण मिटतं. हरणाऱ्यानं निघून जायचं, असा माशांच्या भांडणाचा शेवट असतो. काचेच्या टाकीत नेमका तो शेवटच उरत नाही. हरलेला मासा पळतो, चोवीस इंचांवर काच लागते, तो वळतो, आणि जिंकलेल्याला वाटतं, हा परत आला! पुन्हा हल्ला. टाकीतला मासा मारकुटा निघाला असं आपण म्हणतो तेव्हा अनेकदा तो एकच भांडण पुन्हा पुन्हा भांडत असतो.

आधी पाणी जोखा

भांडणाच्या आधी पाण्याचं बघायला हवं, कारण आमचे गोल्डफिश कुणाशी भांडून मेले नाहीत. त्यांना मी मारलं.

आपल्याला गोडं पाणी सगळं सारखंच वाटतं. माशाला तसं नाही. गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात भोवतालच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. रात्री वाटीत भिजत घातलेला मनुका आठवा. साल पातळ, आत साखर, बाहेर नुसतं पाणी. पाणी आत शिरत राहतं आणि सकाळी मनुका टम्म फुगतो. माशाच्या कल्ल्यांचं कातडं तसंच पातळ असतं आणि पाणी चोवीस तास आत झिरपत असतं. मासा मनुक्यासारखा फुगत नाही, कारण त्याची मूत्रपिंडं ते पाणी सतत उपसून टाकतात आणि कल्ले बाहेरच्या पाण्यातले क्षार वेचून आत घेतात. हा उपसा आणि ही वेचणी कुठल्या पाण्यात चालायची आहे, त्याप्रमाणे प्रत्येक जात घडलेली असते.

निऑन टेट्रा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. तिथल्या रानातल्या ओहोळांत पानं कुजून पाण्याला कोऱ्या चहाचा रंग येतो. ते पाणी आम्ल आणि अतिशय हलकं असतं, क्षार जवळजवळ नसलेलं. मॉलीची गोष्ट उलटी. तिला जड पाणी लागतं. हलक्या पाण्यात ती पर मिटून जागच्या जागी थरथरत राहते. नवख्या माणसाला वाटतं नाचतेय. या दोघांना एका टाकीत ठेवलं तर एकाला कायमचं चुकीचं पाणी मिळणार, मग ते जन्मात एकमेकांकडे वाकडी नजर न टाकोत. दुकानांतले बहुतेक निऑन आता शेतीत वाढवलेले असतात आणि बरंच सोसतात, हे खरं. पण सोसणं वेगळं.

घरचं पाणी हलकं की जड हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. तुरीची डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गीझरच्या कॉइलवर पांढरं पुट चढतं, तर पाणी जड. देशावरच्या बोअरचं पाणी बहुधा असं असतं. मुंबईला तलावांतून येणारं पाणी हलकं. ज्यांच्याकडे बोअर आहे त्यांनी गप्पी, मॉली, प्लॅटी यांच्यात सुख मानावं आणि नळाचं हलकं पाणी असलेल्यांनी टेट्रांकडे वळावं, असं माझं सरळ मत आहे. औषधं ओतून पाणी बदलण्यापेक्षा पाण्याला शोभेल तो मासा आणणं कितीतरी सोपं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मात्र घालवावंच लागतं. त्यासाठी दुकानात अँटीक्लोरीनचे थेंब मिळतात.

आता माझा गुन्हा. मासा जे खातो त्यातल्या प्रथिनांचा कचरा अमोनियाच्या रूपात मुख्यतः कल्ल्यांतून बाहेर टाकतो. अमोनिया विषारी. नदीत तो वाहून जातो, टाकीत साठतो. तो निस्तरायला टाकीत जिवाणूंच्या दोन पाळ्या लागतात. पहिली पाळी अमोनियाचं नायट्राइट करते, तेही विषारीच. दुसरी पाळी नायट्राइटचं नायट्रेट करते, ते बरंचसं निरुपद्रवी, आणि आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात आणि वाळूत वस्ती करतात, पण वस्ती बसायला महिना-दीड महिना जातो. आमच्या टाकीत पाणी भरून दोन दिवस झाले होते. दोन्ही पाळ्यांवर एकही कामगार हजर नव्हता आणि मी एकदम एकवीस मासे सोडले.

त्यात दोन गोल्डफिश. गोल्डफिशला जठर नसतं, खाल्लेलं सरळ आतड्यात जातं. तो सारखा खातो आणि सारखी घाण करतो. भरीस भर म्हणजे त्याला थंड पाणी लागतं, साधारण 18 ते 22 अंशांचं, आणि निऑन-एंजलच्या सोयीसाठी मी हीटर 27 वर ठेवला होता. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, 30 अंशांना साडेसात. पाण्याचा पीएच हाही यात हात धुऊन घेतो. पीएच म्हणजे आम्लतेचं माप. सातच्या खाली आम्ल, वर अल्कधर्मी. तो एका अंकानं वर गेला की अमोनियातला खरा विषारी भाग जवळपास दहापट होतो. म्हणजे तेवढ्याच घाणीत एका घरचे मासे तगतात आणि शेजारच्या घरचे मरतात. शेजारी म्हणतात, आमच्याकडे मासे लाभत नाहीत.

गोल्डफिशची सोयरीक गोल्डफिशशीच करावी. दुसरा जोडीदार शोधूच नये.

तोंड बघून मजला ओळखा

माशाचं तोंड नीट पाहिलं तर तो टाकीत कुठे राहणार हे दुकानातच कळतं. गप्पीचं तोंड वर वळलेलं असतं, कारण त्याचं जेवण पाण्याच्या पृष्ठावर पडतं. टेट्रा, बार्ब यांचं तोंड सरळ समोर. ते मधल्या पाण्यात हिंडतात. कोरिडोरासचं तोंड खाली आणि भोवती मिशा. तो वाळू चाचपत फिरतो. तीन मजली चाळीत प्रत्येक मजल्यावर एकेक बिऱ्हाड ठेवलं तर जिन्यातल्या कटकटी आपोआप कमी होतात. लोक नेमके चार सुंदर मासे निवडतात, आणि ते चारही मधल्या मजल्याचे निघतात. वरचा नि खालचा मजला रिकामा, मध्ये चेंगराचेंगरी.

तोंडाचा आकार त्याहून महत्त्वाचा. आमचे निऑन कुठे गेले याचं उत्तर एंजलच्या तोंडात होतं. मिटलेलं असताना ते इतकंसं दिसतं की त्यात मासा मावेल असं वाटतच नाही. पण आजीच्या कनवटीच्या बटव्यासारखं ते पुढे ताणून उघडतं. एंजल सावजाला चावत नाही. जबडा झटक्यात पुढे काढतो, तोंडात पोकळी होते आणि पाण्याबरोबर निऑन आत ओढला जातो. निम्मा सेकंदही लागत नाही. मी एकदाच पाहिलं, पहाटे, टाकीचा दिवा लावायच्या आधी. सकाळी उठल्यावर निऑन सुस्त असतात, रंगही फिके पडलेले. एक जण झाडामागून बाहेर आला, एंजल हळूच तिरका झाला, आणि निळी रेघ दिसेनाशी झाली.

गंमत अशी की एंजल आणि निऑन दोघंही ॲमेझॉनच्या खोऱ्यातले. पाणी जुळतं, ऊब जुळते, म्हणून पुस्तकांतल्या चित्रांत ही जोडी हमखास दिसते. पण पाणी जुळलं म्हणजे पत्रिका जुळली असं नाही. रानातही एंजल असे चिमुकले मासे खातोच. एंजल पोर असताना हे सहजीवन छान चालतं. तो सहा इंचांचा झाला की जो तोंडात मावतो तो घास होतो.

तीन वाईट, आठ बरे

फायटरची शेपटी कुणी कुरतडली? तीन टायगर बार्बनी. सुमात्रा-बोर्निओकडचा हा काळ्या पट्ट्यांचा मासा कळपात राहतो आणि कळपात कोण वरचा, कोण खालचा हे सतत ढुशा देऊन, पाठलाग करून ठरवत असतो. तो त्यांचा गावगाडा आहे म्हणा ना. आठ-दहा जण असले की ढुशा वाटल्या जातात, कुणा एकाला फार लागत नाही. तिघंच असले तर एक दादा, एक चमचा आणि एक मार खाणारा. मार खाणारा कोपऱ्यात दडला की दादाला काम उरत नाही, आणि मग समोर संथपणे झुलणारी लांबलचक शेपटी दिसते.

यावरचा उपाय ऐकून घरच्यांनी मला वेड्यात काढलं. मी आणखी पाच टायगर बार्ब आणले. आठवडाभरात त्यांचा सगळा गोंधळ आपसात सुरू झाला आणि बाकीच्यांचा पाठलाग थांबला. पूर्णपणे थांबला असं म्हणणार नाही; एंजलच्या लोंबत्या परांचा मोह त्यांना अधूनमधून होतोच. लांब पर असलेल्या माशांबरोबर टायगर बार्ब ठेवू नयेत, आठ असले तरी.

कुरतडण्यानं नुसती शेपटी जात नाही. 1938 साली कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञानं एक विलक्षण गोष्ट मांडली. हेच ते, मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ लावणारे, 1973 च्या नोबेलचे एक मानकरी. मिनो नावाच्या छोट्या माशाचं कातडं खरचटलं की त्यातून एक द्रव्य पाण्यात मिसळतं आणि ते जाणवताच भोवतालचा सगळा कळप घाबरून पळतो. कार्पच्या कुळातले मासे, टेट्रा, मांजरमासे अशा मोठ्या गटात ही सोय आहे. नदीत इशारा मिळाला की पळायचं आणि सुटायचं. टाकीत पळायला जागा नाही आणि इशारा त्याच पन्नास लिटरांत घोटाळत राहतो. अशा सततच्या धास्तीनं माशाची प्रतिकारशक्ती खचते आणि एके दिवशी अंगावर मिठाचे कण शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके दिसतात. तो एका परजीवीचा आजार आहे आणि त्याचं औषध मिळतं. पण घरात महिन्या-महिन्याला ठिपके येत असतील तर औषधाच्या बाटलीआधी टाकीतला दादा शोधावा.

फायटरला मी वेगळी टाकी दिली. थायलंडनं 2019 साली ज्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला, तोच हा मासा. त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक चक्रव्यूहासारखा अवयव असतो; त्याच्या जोरावर तो पृष्ठाशी येऊन थेट हवा घेतो. म्हणूनच दुकानात तो प्लास्टिकच्या ग्लासात तग धरतो. तगतो, एवढंच. दोन नर एकत्र ठेवायचे नाहीत हे सगळ्यांना माहीत असतं. पण रंगीत, मोठ्या शेपटीचा गप्पी नरसुद्धा त्याला दुसरा फायटरच वाटतो. तो आरशातल्या स्वतःवर धावून जातो, त्याच्याकडून आणखी बारकाव्याची अपेक्षा काय करायची?

बांधावरून भांडण

एंजलनी नळी का बळकावली हे मला एका सकाळी कळलं. नळीवर साबुदाण्यापेक्षा बारीक, पारदर्शक दाणे ओळीत चिकटवलेले होते. अंडी! नर-मादी दोघंही आळीपाळीनं त्यांना परांनी वारा घालत होते. एखादं अंडं पांढरं पडलं, म्हणजे बुरशी लागली, की तोंडानं अलगद उचलून काढत होते. ज्याला आम्ही महिनाभर गुंडगिरी म्हणत होतो ती घरची तयारी होती. एंजल, ऑस्कर वगैरे सिक्लिड कुळातले मासे पिल्लांची राखण करतात आणि राखण करायची तर कुंपण लागतं.

हे कुंपण लांबी-रुंदीत मोजायचं, लिटरमध्ये नव्हे. शेताचा भाव एकरावर ठरतो, विहिरीच्या खोलीवर नाही. सारख्याच पाण्याची एक उंच टाकी आणि एक लांब टाकी असेल तर तळाशी राहणाऱ्या, जागा राखणाऱ्या माशांसाठी लांब टाकी कधीही चांगली. उंच टाकी दिवाणखान्यात शोभते, इतकंच तिचं कौतुक.

जागेच्या भांडणात आधी आलेला सहसा जिंकतो, मग तो अंगानं लहान का असेना. वाड्यातल्या जुन्या भाडेकरूला कोण हलवणार! म्हणून भित्रे, शांत मासे आधी सोडावेत, त्यांना दोन-तीन आठवडे रुळू द्यावं आणि रागीट मासा सर्वांत शेवटी आणावा. नवा मासा सोडायच्या दिवशी दगड-लाकडांची जागा बदलावी. जुन्या सगळ्या खुणा एका फटक्यात पुसल्या जातात आणि मूळच्या रहिवाशांनाही नव्यानं मोजणी करावी लागते. तेवढ्या गोंधळात नवागत एखादा कोपरा पकडतो. दिवा मालवूनच सोडलं तर आणखी बरं. दगड आणि उभी झाडं अशी लावावीत की टाकीच्या एका टोकाहून दुसरं टोक दिसू नये. हरलेला मासा नजरेआड गेला की जिंकणाऱ्याच्या दृष्टीनं तो गाव सोडून गेला. काच न हलवता आपण त्याला पळायला जागा करून देतो.

दुकानातल्या गर्दीची युक्तीसुद्धा काही लोक घरी वापरतात. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले खडकांत राहणारे म्बुना नावाचे रंगीबेरंगी सिक्लिड भलतेच भांडकुदळ. ते पाळणारे जाणकार मुद्दाम टाकी दाटीवाटीनं भरतात, म्हणजे राग एकावर न निघता सगळ्यांत विभागला जातो. पण त्यासाठी मोठी टाकी, दांडगा फिल्टर, दर आठवड्याला भरपूर पाणी बदलायची चिकाटी आणि पीएच आठच्या आसपास असलेलं जड पाणी लागतं. पहिल्या टाकीवर हा प्रयोग करू नये.

दोन इंचांचं बाळ

दुकानात ‘शार्क’ म्हणून एक चंदेरी, चपळ पिल्लू मिळतं. मुलं हरखतात. तो शार्क नाहीच. आग्नेय आशियातल्या मेकाँगसारख्या नद्यांतला तो मांजरमासा आहे आणि पूर्ण वाढला की चार फुटांचा होतो. हॉटेलात बासा म्हणून जे फिलेट पानात येतं, ते बहुतेक वेळा याच माशाचं. म्हणजे आपण दिवाणखान्यात दोन फुटी टाकीत जे पाळतो आहोत ते खरं तर पिंजऱ्यात वाढवून किलोनं विकायचं पीक आहे. ऑस्कर फूटभर होतो. सकर दीड फुटापर्यंत जातो आणि मोठा झाल्यावर शेवाळ कमी खातो, शेण जास्त करतो. रात्री गोल्डफिशच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडायची खोडही काही सकरांना लागते.

इथं ‘एका इंचाच्या माशाला एक गॅलन पाणी’ हा जुना हिशेब फसतो. मासा लांबीला दुप्पट झाला की रुंदी नि जाडीही दुप्पट होते, म्हणजे वजन आठपट. एक इंची दहा निऑन आणि दहा इंची एक ऑस्कर हे इंचांत सारखे. वजनात एका ऑस्करचे हजार निऑन होतील, आणि घाणही त्याच बेतानं. दुकानात मासा केवढा आहे हे विचारू नका, केवढा होतो ते विचारा.

चौकट : दोन फुटी टाकीत कोण नांदेल?
दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत काठोकाठ सुमारे 56 लिटर पाणी मावतं. वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली तर 45 धरा. नळाचं हलकं पाणी असेल तर आठ-दहा निऑन, तळाला मऊ वाळूवर सहा कोरिडोरास आणि वरच्या मजल्याला हनी गौरामीची एक जोडी. हा आपल्याच बंगाल-आसामकडचा शांत, मधाच्या रंगाचा मासा. बोअरचं जड पाणी असेल तर गप्पीचे नुसते नर, सात-आठ, आणि दोन-तीन गोगलगायी. जड पाण्यात त्यांचे शंख चांगले बनतात. नर-मादी एकत्र आणले तर महिन्याला पिल्लं, आणि मादी नराचं बीज साठवून ठेवते, त्यामुळे नर काढून घेतला तरी पाळणा हलत राहतो. एकट्या फायटरलाही ही टाकी छान. मासे सोडण्याआधी फिल्टर महिनाभर चालवा आणि जिवाणू जगावेत म्हणून रोज खाद्याची चिमूट टाका. मग पहिल्या खेपेला चार-पाचच मासे आणा.

घरच्या कोंबड्या

परदेशी माशांच्या रांगेत आपलेही मासे असतात, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला जाणारा झेब्रा डॅनिओ आपल्याकडच्या ओढ्यांत, भाताच्या पाण्यात राहणारा. तो काटक, हीटर न मागणारा. मात्र सहा तरी हवेत आणि पोहायला लांब टाकी हवी. ‘मिस केरला’ नावानं विकला जाणारा, अंगावर लाल-काळी रेघ असलेला देखणा मासा केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या घाटांतल्या वाहत्या ओढ्यांतला. 2013 साली त्याच्या प्रजातीला ‘सह्याद्रिया’ असं नाव दिलं गेलं, आपल्या सह्याद्रीवरून. तो शांत आहे, कुणाला चावत नाही, तरी बहुतेक घरांसाठी तो चुकीचा सोबती आहे. त्याला थंड, खळाळतं, प्राणवायूनं भरलेलं पाणी लागतं, कळप लागतो, चार फुटी टाकी लागते, आणि बाजारासाठी बेसुमार पकडल्यामुळे रानात तो संकटग्रस्त झाला आहे. मी तो घेत नाही.

आमच्या टाकीत आज टायगर बार्ब आहेत, आठ. एंजलची जोडी ओळखीच्यांच्या चार फुटी टाकीत गेली, उरलेले दोघे दुसरीकडे. अडचण झाली ती सकरची. तो नऊ इंचांचा झाला आणि कुणीच घेईना. शेवटी दोन महिने फोन करून मोठी टाकी असलेला एक दुकानदार सापडला. मधल्या काळात किमान तिघांनी मला एकच सल्ला दिला, नदीत सोडून द्या, तेवढंच पुण्य. हे पुण्य कृपा करून कुणी घेऊ नये. दक्षिण अमेरिकेतला हा चिलखती मासा आपल्या नद्या-तलावांत असाच सोडला जाऊन पसरला आहे, काठ पोखरून बिळं करतो आणि त्याला खाणारं इथं फारसं कुणी नाही. नकोसा झालेला मासा दुकानात परत द्या, ओळखीत द्या, फुकट द्या. नदीत, विहिरीत, गणपतीच्या तळ्यात सोडू नका.